दोन दिवसांचे बुडापेस्ट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन अशा देशांत नोकरी-शिक्षणानिमित्त राहणारी मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात मुक्कामाला येणारे आई-वडील शनिवार-रविवारच्या छोट्या सहलींविषयी सातत्याने विचारत असतात. या वेळी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट हिच्याविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परतायचे आहे. एवढ्यात व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोन्ही शहरे होतील का?

उत्तर : दोन्ही शहरांत पाऊल टाकून येता येईल, पण एकही पाहून होणार नाही. व्हिएन्नाहून बुडापेस्टला रेल्वेने सुमारे २ तास ४० मिनिटे लागतात, हे खरे आहे. परंतु हॉटेल सोडणे, सामान घेऊन स्थानक गाठणे, नव्या गावी पुन्हा सामान टाकणे हे सर्व धरले की शनिवार-रविवारच्या चार अर्ध्या दिवसांपैकी एक त्यातच खर्च होतो. म्हणून एकच शहर निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. म्युनिकहून दिवसाच्या थेट गाडीला सुमारे ७ तास लागतात, तेव्हा शुक्रवारी रात्रीच्या शयनयान गाडीत जागा मिळाली तर तिने, अन्यथा विमानाने जावे.

बहुतेक लोक आधी ठिकाणांची यादी करतात आणि मग ती दोन दिवसांत बसवतात. शनिवार-रविवारच्या सहलीत याच्या उलट करावे लागते, कारण कोणती वास्तू कोणत्या वारी उघडी असते, यावरच सारा क्रम ठरतो. दोहान्य रस्त्यावरचे १८५९ साली पूर्ण झालेले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), जे युरोपातील सर्वांत मोठे आहे, ते शनिवारी बंद असते; तो ज्यू धर्मीयांच्या विश्रांतीचा दिवस आहे. किल्ल्याच्या टेकडीवरील मॅथियास चर्चमध्ये शनिवारी दुपारी विवाह असू शकतात आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते. म्हणजे पर्यटकासाठी सोयीची वेळ शनिवारी दुपारपूर्वीची आहे. १८९७ सालची मोठी मंडई शनिवारी दुपारी तीनला बंद होते आणि तिची खरी वर्दळ सकाळीच असते. ती रविवारच्या भरवशावर ठेवू नये.

हे ध्यानात घेतले की क्रम आपोआप लागतो. शनिवारी सकाळी लवकर मंडई पाहावी आणि तिच्या दारातूनच सुरू होणाऱ्या हिरव्या लोखंडी स्वातंत्र्य पुलावर पायी फेरी मारावी. तेथून शहराच्या मध्यभागी असलेल्या डेआक चौकात येऊन १६ क्रमांकाच्या बसने टेकडीवर जावे आणि दुपारपूर्वी चर्च पाहून घ्यावे. शेजारच्या मच्छीमारांच्या बुरुजाच्या वरच्या सज्जाला तिकीट असते, पण खालच्या कमानींतून डॅन्यूब नदीचे जे दृश्य दिसते ते विनामूल्य असून तितकेच देखणे आहे. दुपार गरम पाण्याच्या स्नानगृहासाठी ठेवावी. रविवारी सकाळी सिनेगॉग, त्यानंतर आधीच आरक्षित केलेली संसद भवनाची फेरी आणि मग नदीकाठ, असा दुसरा दिवस जातो. संसदेची फेरी पाऊण तासाची असते व शनिवार-रविवारची तिकिटे लवकर संपतात, म्हणून विमानाचे तिकीट काढाल त्याच दिवशी हेही आरक्षण पाहावे.

संसदेच्या घुमटाची उंची ९६ मीटर आहे आणि सेंट स्टीफन बॅसिलिकाचीही ९६ मीटरच आहे. मॉड्यार लोक, म्हणजे आजच्या हंगेरियनांचे पूर्वज, इ. स. ८९६ मध्ये या प्रदेशात स्थिरावले असे मानले जाते आणि त्याचा सहस्रकोत्सव १८९६ साली झाला. त्या वर्षाची खूण म्हणून हा आकडा शहराने जपला आहे. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील पहिली भुयारी रेल्वेही त्याच १८९६ सालची. आजची ती एम-१ मार्गिका. तिच्या पिवळ्या, बुटक्या डब्यांतून एकदा तरी प्रवास करावा, मात्र एक गोष्ट सांभाळावी. या मार्गिकेचे फलाट रस्त्याच्या अगदी खाली आहेत आणि बहुतेक स्थानकांत दोन दिशांची प्रवेशद्वारे रस्त्याच्या दोन बाजूंना स्वतंत्र आहेत. चुकीच्या जिन्याने उतरलात तर आतून पलीकडे जाता येत नाही. वर येऊन, रस्ता ओलांडून पुन्हा उतरावे लागते. पायऱ्या उतरण्यापूर्वी फलकावरील अंतिम स्थानकाचे नाव वाचून घ्यावे.

प्रश्न : माझे आई-वडील पुण्याहून आमच्याकडे स्टुटगार्टला आले आहेत. त्यांचा जर्मनीचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. त्यांना घेऊन बुडापेस्टला जाता येईल का? दोघांचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

उत्तर : जाता येईल. हंगेरी डिसेंबर २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे जर्मनीहून तेथे जाणे म्हणजे क्षेत्राबाहेर पडणे नव्हे आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा त्याने संपत नाही. मात्र स्वित्झर्लंड चालेल तसे लंडन किंवा सर्बियातील बेलग्रेड चालणार नाही, कारण ते क्षेत्राबाहेर आहेत आणि तेथून परतताना नवा प्रवेश लागेल. व्हिशावरील मुक्कामाचे दिवस मोजून पाहावेत. सर्वांचे मूळ पासपोर्ट आणि तुमचे निवास कार्ड जवळ ठेवावे, कारण अंतर्गत सीमांवरही आता तपासणी होते. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर ती सुरू केली आहे. मोबाइलमधील छायाचित्रावर विसंबू नये.

वयाचा विचार करता मुक्काम पेस्टच्या बाजूला, डेआक चौकाच्या जवळपास घ्यावा, कारण नदीच्या एका काठचे पेस्ट सपाट आहे आणि दुसऱ्या काठचे बुडा चढणीचे. टेकडीवर फरसबंद रस्ते आहेत, तेव्हा बूट जुने व सवयीचे हवेत. आई-वडिलांसाठी माझी सर्वांत मनापासूनची शिफारस २ क्रमांकाच्या ट्रामची आहे. ती पेस्टच्या काठाने जाते आणि खिडकीशी बसल्या बसल्या डॅन्यूब, पूल, किल्ला व संसद सर्व दिसते. संसदेजवळ उतरून थोडे दक्षिणेकडे चालले की काठावर पादत्राणांच्या ६० लोखंडी जोड्या मांडलेल्या दिसतात: बायकांच्या टाचेच्या, कामगारांच्या झिजलेल्या, लहान मुलांच्याही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अॅरो क्रॉस या फासिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना येथे पायांतील जोडे काढायला लावून नदीत गोळ्या घातल्या. २००५ सालचे हे स्मारक आहे. तेथे जोड्यांत पाय घालून छायाचित्रे काढणारे पर्यटक दिसतात. आपण तसे करू नये.

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये कामाच्या व्हिशावर आहोत, पासपोर्ट भारतीय आहेत. किती आधी तयारी करावी? पैसे युरोत न्यावेत का?

उत्तर : ब्रिटनचा निवास परवाना शेंगेनमध्ये चालत नाही, तेव्हा व्हिसा लागेलच. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस, काही वेळा ४५ दिवसही लागतात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. म्हणून दोन महिन्यांच्या आत येणाऱ्या शनिवार-रविवारचे स्वस्त तिकीट आधी काढून मग व्हिशामागे धावू नये. ऑक्टोबर २०२५ पासून क्षेत्राच्या बाह्य सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा परतीच्या दिवशीही विमानतळावर जास्तीचा वेळ ठेवावा.

हंगेरी युरोपीय संघात असली तरी तिचे चलन फोरिंट आहे. कार्ड बहुतेक सर्वत्र चालते. स्वच्छतागृहे व बाजारातील किरकोळ खरेदी यांपुरती थोडी रोकड पुरे. कार्डाच्या यंत्राने ‘पाउंडात की फोरिंटमध्ये?’ असे विचारले तर फोरिंटच निवडावे, कारण दुसऱ्या पर्यायात यंत्राचा मालक स्वतःचा दर लावतो आणि तो आपल्या तोट्याचा असतो. रोकड बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधूनच काढावी. उपाहारगृहाच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेले आहे का, ते पाहूनच बक्षिशी द्यावी. विमानतळावरून १००-ई ही बस थेट डेआक चौकात येते; तिचे तिकीट वेगळे असते, शहराच्या साध्या पासवर ती चालत नाही.

प्रश्न : घरातील सर्व शाकाहारी आहेत, सासूबाई अंडेही खात नाहीत. दोन दिवस उपासमार होईल का?

उत्तर : उपासमार होणार नाही, पण विचारून खावे लागेल. हंगेरीच्या पारंपरिक स्वयंपाकात डुकराची चरबी मुक्तपणे वापरली जाते, त्यामुळे ‘मांस नाही’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. तळणी व फोडणी तेलात आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे. लांगोश नावाचा पदार्थ थेट भटुऱ्याच्या कुळातला वाटेल: आंबवलेल्या पिठाची मोठी तळलेली पुरी, तिच्यावर लसणाचे पाणी, आंबट साय आणि किसलेले चीज. तो हातात गरम घेऊन उभ्यानेच खावा. फोझेलेक ही भाज्यांची दाटसर उसळ असते आणि तिच्यावर मांसाचा तुकडा ठेवण्याची रीत आहे, म्हणून तो नको असे आधी सांगावे. उन्हाळ्यात आंबट चेरीचे थंडगार सूप मिळते, ते जरूर घ्यावे. लाकडी दांडक्यावर गुंडाळून भाजलेल्या गोड पावाच्या कणकेत अनेकदा अंडे असते. यापलीकडे शहराच्या मध्यभागी भारतीय व शुद्ध वनस्पतिजन्य भोजनगृहे आहेत, त्यामुळे सासूबाईंचे रात्रीचे जेवण अडणार नाही.

मंडईत लाल पाप्रिकाच्या (हंगेरियन मिरचीच्या) पुड्या दिसतील. सेगेद आणि कालोचा या दोन गावांची पाप्रिका नावाजलेली आहे. याच सेगेदमध्ये अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिकापासून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळवले व १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुडी घेताना गोड की तिखट हे विचारून घ्यावे, कारण रंग दोहोंचा सारखाच असतो आणि गोड पूड आपल्या आमटीत केवळ रंगापुरती उरते.

प्रश्न : मी व माझी मैत्रीण जाणार आहोत. गरम पाण्याच्या स्नानगृहांविषयी उत्सुकता आहे, पण संकोचही वाटतो. तेथे नेमके काय असते?

उत्तर : संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यापायी हा अनुभव सोडू नये. बुडापेस्टमध्ये जमिनीखालून गरम खनिजयुक्त पाणी येते आणि स्नानगृहात जाऊन निवांत बसणे हा तेथील लोकांचा नित्याचा व्यवहार आहे. आजोबा पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळताना दिसतात. शनिवार-रविवारी स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि पोहण्याचा पोशाख सक्तीचा असतो. सुती सलवार किंवा साधा टी-शर्ट घालून पाण्यात उतरता येत नाही. तुर्की काळातील, अष्टकोनी कुंडावर घुमट असलेल्या रूदॉश स्नानगृहात केवळ स्त्रियांसाठी मंगळवार राखीव असतो. तुम्ही एक दिवस वाढवू शकत असाल तर त्याचा विचार करावा. शहराच्या उद्यानातील १९१३ सालचे पिवळे सेचेन्यी स्नानगृह सर्वांत मोठे आहे आणि त्याची उघड्यावरची कुंडे हिवाळ्यातही चालू असतात. गेलेर्ट स्नानगृहाची चित्रे पाहून बेत आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की ते ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे.

प्रवेश करताना मनगटाला पट्टा बांधतात, त्यानेच कपाट उघडते. तिकीट काढताना थोडे जास्त पैसे देऊन कपाटाऐवजी स्वतंत्र खोली घ्यावी, म्हणजे कपडे बदलण्याचा प्रश्न मिटतो. टॉवेल व रबरी चपला घरून न्याव्यात. पोहण्याच्या तलावात टोपी लागते, गरम कुंडांत लागत नाही. एका वेळी वीसेक मिनिटांहून अधिक बसू नये, मध्ये पाणी प्यावे. रक्तदाब वा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मुले सात व दहा वर्षांची आहेत. त्यांच्यासाठी काय आहे?

उत्तर : वरील गरम कुंडे लहान मुलांसाठी नाहीत, तो हट्ट धरू नये. उन्हाळा असेल तर मार्गारेट बेटावरील पालाटिनुस येथे मुलांचे तलाव आहेत. पण मी त्यांना बुडाच्या टेकड्यांतील मुलांच्या रेल्वेत नेईन. १९४८ साली सुरू झालेल्या या सुमारे ११ किलोमीटरच्या मार्गावर तिकीट देणे, सिग्नल सांभाळणे, गाडीला सलाम करून निरोप देणे ही कामे १० ते १४ वर्षांची शाळकरी मुले गणवेशात करतात. इंजिन मात्र मोठी माणसे चालवतात. सेल काल्मान चौकातून ६१ क्रमांकाच्या ट्रामने शेवटच्या स्थानकापर्यंत गेले की गाडी तेथूनच सुटते. शनिवारची दुपार त्यासाठी द्यावी आणि परतताना बॉट्यानी चौकात, संसदेच्या बरोबर समोरच्या काठावर, दिवे लागण्याच्या वेळी पोहोचावे. तेथे बसण्यासाठी तिकीट लागत नाही, त्यामुळे नौकाविहाराचे पैसे वाचवायचे असतील तर खुशाल वाचवावेत.