आरटी-११ : फ्री ब्लॉक दिसतात तरी डिव्हाइस फुल का?

तुम्ही लिहिलंय की सिमएच (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) वर पीडीपी-११ हा जुना मिनीकॉम्प्युटर आणि त्यावर आरटी-११ ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम चालवताय, डीएक्स१ ड्राइव्हच्या फ्लॉपीवर डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं की खाली ३०० फ्री ब्लॉक दिसतात आणि तरी तुमचा फोरट्रानचा प्रोग्राम २०० ब्लॉकची फाइल लिहिताना डिव्हाइस फुल म्हणून आपटतो. याच्या नेहमीच्या उपायापायी आमच्या लॅबचा डेटा गेला होता म्हणून लिहितोय. बूट, असाइन वगैरे येतंय असं धरतो.

खालचा आकडा ही नुसती बेरीज आहे हो. आरटी-११ फाइलचे तुकडे करत नाही, सलग जागा लागते. डीआयआर/फुल द्या, मधली अनयूज्ड भोकं दिसतील. आणि खरी गोम पुढे आहे, प्रोग्रामने साइज सांगितली नाही तर मॉनिटर (स्क्रीन नव्हे, आरटी-११ चा मुख्य भाग) सगळ्यात मोठ्या भोकाचा अर्धा भाग किंवा दुसऱ्या नंबरचं भोक, यातलं जे मोठं तेवढंच देतो, म्हणजे २६० आणि ४० अशी दोन भोकं असली तर तुमच्या हातात १३०! तेव्हा फोरट्रानच्या ओपन स्टेटमेंटमध्ये इनिशियलसाइझ=२०० टाका. कॉपी किंवा लिंक कमांडला /अलोकेट:२०० चालतं.

आता कोणीतरी येऊन सांगेलच की स्क्वीझ मारा, म्हणजे फाइली सरकवून सगळी मोकळी जागा एकत्र करणारी कमांड. थांबा.

आमच्याकडे एका ट्रेनीने चुकून रीडिंगची फाइल डिलीट केली. यात घाबरण्यासारखं काही नसतं, डिलीट म्हणजे डिरेक्टरीत फक्त ती जागा मोकळी म्हणून मार्क होते, ब्लॉक तिथेच असतात. डीआयआर/डिलीटेड ने नाव, साइज, सुरुवातीचा ब्लॉक कळतो आणि क्रिएट ला /स्टार्ट आणि /अलोकेट देऊन फाइल परत उभी करता येते, फक्त मधे त्या डिस्कवर काही लिहायचं नाही. पण मशीन मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टमध्ये, हात लावायची परवानगी नाही, म्हणून सर्व्हिस ऑफिसला फोन. साहेब आले, आमचं अर्धंच ऐकलं, डिस्क फ्रॅगमेंट झालीये (मोकळी जागा तुकड्यांत विखुरलीये) म्हणाले आणि स्क्वीझ. आर यू शुअर विचारल्यावर वाय दाबायला एक सेकंदही घेतला नाही. सगळ्या फाइली डिस्कच्या सुरुवातीकडे सरकल्या, आमच्या रीडिंगवर दुसऱ्याच फाइली येऊन बसल्या. सर्व्हिस रिपोर्टवर काय लिहिलं? डिस्क ओके. तक्रार केली तर उत्तर आलं की डिलीट ग्राहकाने केलं होतं! कंपनीचं नाव घेत नाही, पण आजही संताप होतो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: जागेवर स्क्वीझ कधीच नको. स्क्वीझ/आउटपुट ने दुसऱ्या रिकाम्या फ्लॉपीवर घ्या, मूळ तशीच राहते. बूट ब्लॉक (मशीन सुरू करणारा डिस्कचा भाग) मात्र त्यात जात नाही, सिस्टिम डिस्क असेल तर कॉपी/बूट वेगळं करावं लागतं. तुमची फ्लॉपी तर सिमएचमधली नुसती इमेज फाइल आहे, आधी होस्टवर (तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरवर) तिची कॉपी काढा, आमच्या नशिबी ती सोय नव्हती.

मी जुन्या व्हर्जनवर काम केलंय, तुमच्या व्हर्जनमध्ये स्विच थोडे इकडेतिकडे असू शकतात, हेल्प बघून घ्या. आणि जाता जाता, जुन्या व्हर्जनला २००३ नंतरची तारीख चालत नाही, २८ वर्षं मागची द्या म्हणजे वार तरी जुळतात.

डीआयआर/फुल चं आउटपुट इथे टाका, मोठं भोक केवढं आहे बघून सांगतो.