एकच जन्मवेळ, तरी दोन पत्रिकांत रास आणि महादशा वेगळी कशी?

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर अशा प्रश्नावर नुसता अंदाजच बांधावा लागतो. वय 33. एका ज्योतिषांच्या पत्रिकेत चंद्र मीनेत 29 अंश 10 कला (60 कला म्हणजे 1 अंश) आणि महादशा, म्हणजे आयुष्यातला एकेका ग्रहाच्या अमलाचा काळ, रवीची, दुसऱ्यांच्या पत्रिकेत चंद्र मेषेत 0 अंश 37 कला आणि महादशा चंद्राची. पहिले म्हणतात साडेसातीची दुसरी अडीचकी आहे, रवी संपेपर्यंत नोकरी सोडू नका. दुसरे म्हणतात साडेसाती आत्ता कुठे लागली, पण चंद्राच्या महादशेत बदल लाभेल, सोडा. शिवाय मार्च 2025 मध्ये शनी बदलल्यापासून जगात जे चाललंय ते आधीच दिसत होतं का, हेही तुम्ही विचारलंय.

दोघांचंही गणित बरोबर आहे. मीन 29 अंश 10 कला आणि मेष 0 अंश 37 कला यांत अंतर आहे 87 कलांचं, आणि लाहिरी व रमण या दोन अयनांशांतला (ग्रहाच्या स्थानातून वजा करायच्या अंशांतला) फरक साधारण तेवढाच, 1 अंश 27 कला. पहिल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लाहिरी आहे, दुसऱ्यांनी बंगळुरूचे ज्योतिषी बी. व्ही. रमण यांचे अयनांश घेतलेत. एरवी या फरकाने राशीला धक्का लागत नाही, पण तुमचा चंद्र नेमका मीन-मेषेच्या सीमेवर आहे.

वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो त्या बिंदूपासून, मोजलेलं ग्रहाचं स्थान सायन, त्यातून अयनांश वजा केले की निरयन. आपल्याकडची पत्रिका निरयन असते. किती वजा करायचे यावर जुना वाद आहे. पंचांगकर्ते व्यंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून अयनांश ठरवणारे, लोकमान्य टिळक रेवतीपक्षाचे, म्हणजे रेवतीवरून ठरवणारे. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी अधिकमास वेगळा येतो आणि दिवाळी इतरांपेक्षा वेगळ्या महिन्यात होते, ती याच वादापायी. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने 1955 च्या अहवालात चित्रापक्ष धरला. 21 मार्च 1956 ला 23 अंश 15 कला हा तिचा आकडा, त्यात वर्षाला सुमारे 50 विकलांची (60 विकला म्हणजे 1 कला) भर पडते. लाहिरी म्हणतात ते हेच. कृष्णमूर्ती पद्धतीचे अयनांश यापेक्षा जेमतेम 6 कलांनी कमी आहेत, त्यामुळे त्या पद्धतीनेही तुमचा चंद्र मीनेतच राहील.

आता महादशा. कागद घेऊन स्वतः करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. एक नक्षत्र 800 कलांचं. लाहिरीने तुमचं नक्षत्र रेवती, स्वामी बुध, त्याची वर्षं 17. रेवती संपायला 50 कला उरल्यात, म्हणून जन्मवेळी बुधाची भोग्य (भोगायची उरलेली) दशा 17 गुणिले 50 भागिले 800, म्हणजे 1 वर्ष 22 दिवसांच्या आसपास. पुढचा क्रम आणि वर्षं ठरलेली असतात: केतू 7, शुक्र 20, रवी 6, मग चंद्र. बेरीज 34 वर्षं आणि थोडे दिवस, म्हणून आज रवी चालू. रमण अयनांशाने अश्विनी लागून 37 कला झाल्यात. अश्विनीचा स्वामी केतू, त्याच्या 7 वर्षांतले चारेक महिने जन्माआधीच सरलेले, उरली 6 वर्षं 8 महिने. शुक्राची 20 आणि रवीची 6 मिळवलीत की 32 वर्षं 8 महिने, म्हणून आज चंद्र चालू. जवळजवळ 1 वर्ष 5 महिन्यांचा हा फरक शेवटच्या महादशेपर्यंत तसाच राहणार.

घरात हाताने लिहिलेली जुनी पत्रिका असेल तर ती काढा. तिच्यावर भयात (जन्मवेळेपर्यंत नक्षत्राचा गेलेला काळ) आणि भभोग (नक्षत्राचा एकूण काळ) घटी-पळांत दिलेले असतात. भभोगातून भयात वजा केलं की नक्षत्राचा उरलेला काळ मिळतो. तो फार थोडा असेल तर पत्रिका चित्रापक्षाची, जवळजवळ सगळा भभोग शिल्लक असेल तर नक्षत्र नुकतंच लागलेलं. भभोग साधारण 60 घटींचा असतो, म्हणजे एका दिवसाचा.

साडेसातीबाबत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अयनांश बदलले की जन्मचंद्र आणि गोचरीचा, म्हणजे सध्या आकाशात असलेला, शनी दोघंही सारखेच सरकतात, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. घोटाळा होतो तो साडेसाती राशींनी मोजल्याने: सीमेवरच्या चंद्राची रास बदलली की साडेसातीचा टप्पाही बदलतो. काही अभ्यासक म्हणूनच राशी सोडून अंश बघतात: शनी चंद्राच्या 45 अंश मागे आला की साडेसाती सुरू, 45 अंश पुढे गेला की संपली. हे 90 अंश चालायला शनीला साधारण साडेसात वर्षंच लागतात. तसं पाहिलं तर तुमची साडेसाती 2024 च्या फेब्रुवारीच्या सुमारास लागली, दोन्ही पत्रिकांत. मला हीच रीत पटते, विशेषतः सीमेवरच्या चंद्राला. आणि घाबरू नका. बारांपैकी तीन राशींना साडेसाती कायम चालूच असते.

जगाचं म्हणाल तर 29 मार्च 2025 ला शनी मीनेत आला, त्याच दिवशी अमावास्या, खंडग्रास सूर्यग्रहण आणि मीनेत सहा ग्रह. त्यावर भयंकर भाकितं झाली. फेब्रुवारी 1962 मध्ये मकरेत अष्टग्रही, म्हणजे एका राशीत आठ ग्रह, होती, देशभर यज्ञ झाले, जगबुडीची भीती पसरली आणि ते दिवस सुखरूप गेले. ऑक्टोबरात चीनशी युद्ध झालं तेव्हा लोकांनी ते मागे नेऊन अष्टग्रहीला जोडलं. मेदिनीय ज्योतिषात, म्हणजे देश आणि जगाविषयीच्या भाकितांत, हे सतत होतं. घटनेआधी तारखेसह लिहून ठेवलेलं भाकीत असेल तेवढंच मी विचारात घेते, आणि तसं फार थोडं सापडतं.

नोकरीचा निर्णय या दोन पत्रिकांवर सोडू नका, हे मी पत्रिका मांडणारी असूनही कळकळीने सांगते. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांकडे ओळखायला दिल्या होत्या. प्रत्येकी 40 पत्रिका, उत्तरं पाठवली 27 जणांनी, आणि बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवूनही तेवढी येतात. आमच्यातले पुष्कळ जण तो विषय निघाला की उठून जातात, मला ते बरोबर वाटत नाही. हातात दुसरी ऑफर आहे का, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, घरचे हप्ते किती, हे बघून ठरवा.

तरी पत्रिका पडताळायचीच असेल तर आयुष्यातल्या चार-पाच मोठ्या घटना महिना-वर्षासह लिहा आणि दोन्ही दशाक्रमांशी ताडून बघा. 26 वर्षं 8 महिने ते 28 या वयातलं काही असेल तर ते आधी घ्या, कारण त्या काळात एका पत्रिकेत शुक्र आहे आणि दुसरीत रवी. ज्योतिषांना या घटना आधी सांगू नका. हवं तर मला वय आणि घटना एवढंच लिहा, अंतर्दशा (महादशेतले पोटभाग) काढून देईन. जन्मतारीख आणि गाव इथे उघड टाकू नका.