स्फोट झाला खरा, पण कुठे?

मागच्या खेपेला गॅमा किरणांच्या स्फोटांचा विषय मी एका परिच्छेदात गुंडाळला. ती चूक वाचकांनी पत्रं पाठवून माझ्या पदरात घातली. त्यातली काही पत्रं आज घेतो. तो लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सूर्याच्या कित्येक पट वजनाचा तारा कोसळून कृष्णविवर होताना, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना, गॅमा किरणांचा झोत सुटतो. झोताचं तोंड आपल्याकडे असलं तर काही सेकंद, फार तर काही मिनिटं, आकाशातला तो एक ठिपका बाकीच्या सगळ्या गॅमा आकाशाला भारी पडतो. मग सगळं शांत.

"गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत, साध्या आरशावरून परतत नाहीत, असं मी मुलांना शिकवते. मग उपग्रहाला दिशा कळते कशी?" (एक विज्ञान शिक्षिका, डिचोली)

बाई, नेमकी मेख पकडलीत. स्फोट झाला हे कळणं सोपं असतं, मोजणीचा काटा एकदम उडतो. कुठे झाला हे शोधताना मात्र घाम फुटतो.

सगळ्यात साधी युक्ती 2008 साली सोडलेल्या फर्मी उपग्रहावर आहे. त्याच्या अंगावर सोडियम आयोडाइडच्या 12 चकत्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवल्या आहेत. मे महिन्यात अंगणात सोलं वाळत घातलेली सुपं आठवा. उन्हाला सामोरं ठेवलेलं सूप चटकन तापतं, तिरकं राहिलेलं मागे पडतं. सूर्याकडे न बघता नुसती सुपं चाचपली तरी ऊन कुठल्या अंगाने आलं ते सांगता येईल. फर्मी हेच करतो. कुठल्या चकतीवर किती किरण पडले याची तुलना करून तो दिशा काढतो. मात्र उत्तर ढोबळ येतं, काही अंश इकडे किंवा तिकडे. पाच अंश त्रिज्येचं वर्तुळ धरलं तर त्यात पौर्णिमेचे सुमारे चारशे चंद्र मावतात. एवढ्या जागेत मोठ्या दुर्बिणीने कुठे कुठे बघायचं?

दुसरी युक्ती जास्त देखणी आहे. चवथीला वीज जाते आणि घरातलं एखादं पोर मोबाइलचा टॉर्च खालून माटोळीवर (गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या चौकटीवर) मारतं, तेव्हा काय होतं? नारळ, तोरिंजन, सुपाऱ्यांचे घोस, सगळ्यांच्या सावल्या कौलांवर उमटतात. टॉर्च डावीकडे नेला की अख्खी सावली उजवीकडे सरकते. माटोळीत काय कुठे बांधलंय हे ठाऊक असेल, तर नुसती सावली पाहून टॉर्च कुठे आहे ते सांगता येतं. 2004 च्या नोव्हेंबरात गेलेल्या स्विफ्ट उपग्रहाची माटोळी शिशाची आहे. सुमारे 52 हजार बारक्या चकत्या मुद्दाम वेड्यावाकड्या मांडल्या आहेत, आणि खाली कॅडमियम झिंक टेल्युराइडचे 32,768 संवेदक सावली टिपत बसलेले आहेत. सावली किती सरकली यावरून जागा एक ते चार कलांपर्यंत कळते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; चंद्रबिंब 30 कलांचं, म्हणजे बघा). मग कोणाच्या हुकमाची वाट न बघता स्विफ्ट स्वतःच मिनिटा-दीड मिनिटात तिकडे वळतो आणि क्ष-किरण दुर्बिणीने तीच जागा काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आणून ठेवतो.

तिसरी पद्धत वेळेची. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन यानांना तोच स्फोट कितीशा अंतराने दिसला ते मोजायचं. दोन यानांमुळे आकाशात एक कडं मिळतं, स्फोट त्या कड्यावर कुठेतरी असतो; तिसरं यान आलं की कडी एकमेकांना छेदतात. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या जवळच्या उपग्रहांना याचा फारसा उपयोग नाही. पृथ्वीचा व्यास ओलांडायला प्रकाशाला सेकंदाचा विसावा-पंचविसावा भागच लागतो. पण विंड यान पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तिथे फरक सेकंदांत जातो.

"हे स्फोट लष्करी उपग्रहांनी पकडले आणि अमेरिकेने सहा वर्षं लपवून ठेवले, खरं का?" (निवृत्त नौसैनिक, वास्को)

पहिला भाग खरा. अणुचाचणीबंदीच्या 1963 च्या करारानंतर कोणी चोरून अणुचाचणी करतो का हे पाहायला अमेरिकेने वेला उपग्रहांच्या जोड्या एक लाख किलोमीटरहून उंच फिरत ठेवल्या. 2 जुलै 1967 ला त्यांना एक झटका दिसला, जो बाँबसारखा नव्हता. प्रसिद्धी मिळाली 1973 मध्ये. क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन या तिघांनी 16 स्फोटांची नोंद छापली. लपवाछपवीपेक्षा अडचण दिशेची होती. सुरुवातीच्या उपग्रहांची घड्याळं पुरेशी बारीक नव्हती. नंतरच्या जोड्यांनी वेळेतला फरक मोजला, तेव्हा कुठे झटके सूर्यावरून किंवा पृथ्वीवरून येत नाहीत हे खात्रीने म्हणता आलं.

त्यानंतरही जवळजवळ पाव शतक हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की पलीकडचे, हा वाद चालूच राहिला. कॉम्प्टन या अवकाशातल्या वेधशाळेवरच्या उपकरणाने 1991 ते 2000 या काळात 2,704 स्फोट टिपले आणि ते आकाशभर सारखे विखुरलेले निघाले. आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी नाही, म्हणजे ते बहुधा फार दूरचे. पण पुरावा मिळायला जागा हवी होती. ती 28 फेब्रुवारी 1997 ला मिळाली. बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने काही तासांत क्ष-किरणांतली मागे उरलेली झळाळी गाठली, आणि ला पाल्माच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीला तिथेच विझत जाणारा ठिपका दिसला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या स्फोटाची ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला याचं माप, त्यावरून अंतर कळतं) 0.835 निघाली, म्हणजे तो आकाशगंगेच्या फार पलीकडचा. वाद मिटला.

"2022 चा 'सगळ्यात तेजस्वी' स्फोट आपल्या गोव्यावरून गेला होता का?" (मडगाव)

हा प्रश्न मला इतका आवडला की वही घेऊन हिशेब मांडला. तारीख 9 ऑक्टोबर, रविवार, आणि त्या दिवशी कोजागरी! फर्मीला पहिली चाहूल लागली ती आपल्या घड्याळाने संध्याकाळी 6 वाजून 47 मिनिटांनी. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता. स्फोट शर तारकासमूहात झाला, आणि नेमका त्याच वेळी शर गोव्याच्या माथ्यावर होता, खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) सुमारे पाच अंशांवर. म्हणजे सुमारे दोनशे कोटी वर्षं चाललेले किरण सरळ आपल्या डोक्यावर उतरले. अर्थात खालपर्यंत एकही पोचला नाही, हवेने ते कित्येक किलोमीटर वरच अडवले. आयनांबराला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराला) मात्र त्याचा धक्का जाणवला. मी तेव्हा दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर नजर ठेवून होतो.

पुढची गंमत जागेचीच. फर्मीच्या चकत्यांवर एवढा मारा झाला की मोजणी काही काळ तुंबली, आणि नेमकी जागा त्याच्याकडून मिळणारच नव्हती. स्विफ्टच्या नजरेत ती जागा तेव्हा नव्हती. त्याने ती पाहिली 7 वाजून 40 मिनिटांनी, जवळजवळ एका तासाने. तरीही मागची झळाळी इतकी प्रखर होती, आणि जागा आकाशगंगेच्या पट्ट्याला इतकी लागून, की तज्ज्ञांना ती आपल्याच आकाशगंगेतली नवी वस्तू वाटली. तसं नावही देऊन झालं. नंतर दोन्ही नोंदी जुळवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ताम्रसृती 0.151 आली. असा तेजस्वी स्फोट पृथ्वीवरून दिसायचा तर दहा हजार वर्षांत एखादा, असा अंदाज आहे.

"सत्तरीत पावसात विजा कोसळतात, त्यांतूनही गॅमा किरण निघतात म्हणे?" (वाळपई)

निघतात. 1994 मध्ये कॉम्प्टनच्या नोंदींतून ते उघड झालं. पण विजेचा झटका हजारांश सेकंदात संपतो आणि खालून, पृथ्वीकडून येतो, त्यामुळे घोटाळा क्वचितच होतो.

"यात आपल्या देशाचं काय?" (फोंडा)

2015 च्या सप्टेंबरात श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवर स्विफ्टसारखाच सावलीवाला कॅमेरा आहे. शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेच्या किरणांना त्याच्या भिंती जवळजवळ पारदर्शक ठरतात, म्हणून कुठल्याही बाजूने आलेला स्फोट त्याला जाणवतो. हे मुळात त्याचं काम नव्हतं, पण शेकडो स्फोट त्याने नोंदवले. लडाखमध्ये हानले इथे 70 सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण मागची झळाळी शोधते, नारायणगावजवळची जीएमआरटी रेडिओ लहरींत तिचा पाठपुरावा करते. आणि मला सर्वांत मोठी आशा आहे ती हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची. 17 ऑगस्ट 2017 ला गुरुत्वीय लहरींपाठोपाठ 1.7 सेकंदांनी फर्मीला स्फोट दिसला, तेव्हा जागा सापडली ती प्रामुख्याने अमेरिकेतल्या लायगोच्या दोन आणि इटलीतली व्हर्गो अशा तीन वेधशाळा जाग्या असल्याने. या जाळ्यात आपली वेधशाळा आली की शोधायचा तुकडा आणखी लहान होईल.

"माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे. मला स्फोट दिसेल का?" (दहावीचा विद्यार्थी, काणकोण)

बाळा, दिसला तर नशीब. 19 मार्च 2008 चा एक स्फोट साडेसातशे कोटी वर्षं जुना प्रकाश घेऊन आला आणि अंधाऱ्या जागेवरून सुमारे अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांनाही दिसला असता. त्या अर्ध्या मिनिटात तिकडेच बघत असायला हवं, एवढंच. पण झळाळीचा पाठलाग हौशी माणसालाही जमतो. 2003 च्या जुलैमधल्या स्फोटाची दृश्य झळाळी दक्षिण आफ्रिकेतल्या बर्टो मोनार्ड या हौशी निरीक्षकानेच शोधली. उपग्रहांचे इशारे जीसीएन या जाळ्यावरून कोणालाही फुकट मिळतात. नावात तारीख असते. 221009ए म्हणजे 2022, ऑक्टोबर, 9, त्या दिवशीचा पहिला. जागा कलांमध्ये दिलेली असेल तरच उठायचं. अंशांमध्ये असेल तर झोप.

जून ते सप्टेंबर विसरून जा. ऑक्टोबरनंतर कॅमेरा लावून दहा-दहा मिनिटांची चित्रं एकावर एक रचायचा सराव कर. त्यासाठी दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे नीट लागलेला हवा, आणि काणकोणहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो. तो माडाआड जात असेल तर आधी स्टँड अंगणातून हलव.