हिवाळ्यात पूल बंद ठेवताना सॉल्ट क्लोरिनेटरचा सेल काढून ठेवावा का?

हो, पाणी गोठेल इतकी थंडी पडत असेल तर सेल (क्लोरिनेटरचा प्लेटा असलेला भाग, ज्यात खारट पाण्यापासून क्लोरिन बनतं) काढून, धुऊन, कोरडा करून घरातच ठेवा. आत अडकलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि सेलचं प्लास्टिकचं कवच तडकतं. शिवाय पाणी साधारण १५ अंशांखाली गेलं की बरीचशी यंत्रं क्लोरिन बनवणं थांबवतात, त्यामुळे सेल तिथे ठेवून फायदाही नाही. आधी मेन स्विच बंद करा, मगच युनियन नट (सेल पाइपांना जोडणारे नट) सोडवा. सेल उजेडाकडे धरून आत बघा: प्लेटांच्या मधे पांढरा, खडूसारखा थर दिसला तरच ॲसिडने धुवा. एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड चार भाग पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये कधीच ओतू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच, काम उघड्यावर करा. या मिश्रणात प्लेटा भिजवल्या की फेस येतो; तो थांबला की लगेच सेल बाहेर काढून पाण्याने धुवा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा मोह होतो, पण त्याने प्लेटांवरचा लेप जातो आणि तोच तर सेलचा महागडा भाग. सेलच्या रिकाम्या जागी डमी पाइप (तेवढ्याच मापाचा नुसता पाइप) बसवा. फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते ओळखणारा स्विच) आणि पाइपांतलं पाणीही काढायला विसरू नका. कंट्रोल बॉक्स भिंतीवर राहिला तरी बहुधा चालतं, तरी मॅन्युअल एकदा बघाच. जिथे पाणी गोठत नाही तिथे मात्र सेल जागेवरच राहू द्या. फक्त क्लोरिनेटर बंद करून पंप रोज थोडा वेळ चालवा आणि साधं क्लोरिन हाताने घाला.