जुना कथासंग्रह पहिल्याच आवृत्तीचा आहे हे कसं ओळखायचं?

१९५०-६०च्या दशकांतला मराठी कथासंग्रह असेल तर आधी नामपानाची, म्हणजे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापलेल्या आतल्या पानाची, मागची बाजू बघा. 'पहिली आवृत्ती' एवढं वाचून थांबू नका. खाली 'पुनर्मुद्रण' असू शकतं. शिवाय प्रकाशक बदलला की नवा प्रकाशकही आपल्या पहिल्या छपाईला पहिली आवृत्ती म्हणू शकतो. म्हणून 'लेखकाची इतर पुस्तके' ही यादी वाचाच. तीत नंतरचं पुस्तक छापून आलेलं असेल तर प्रतही नंतरची.

साल शकात असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यादरम्यान ७९.

सगळ्यांत बोलकी असते ती किंमत. आण्यांत असेल तर छपाई सहसा एप्रिल १९५७च्या आधीची, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ची. किमतीवर पट्टी चिकटवली असेल तर पान उजेडाकडे धरा, खालचा आकडा बहुधा दिसतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पान ऑगस्ट १९७२नंतरच छापलेलं.

एकट्या जॅकेटवर, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या वेष्टनावर, भरवसा नको, ते दुसऱ्या प्रतीचं चढवलेलं असू शकतं. नामपानाच्या शिवणीजवळ बोट फिरवा. डिंकाची कडक रेघ लागली तर पान मागाहून डकवलेलं असू शकतं.