रोबोकॉनचे नियम आता सोपे झालेत का? पूर्वी रोबो वायरने चालवायचे म्हणे?

'म्हणे' कशाला, चालवायचेच. मी चालवलाय.

एबीयू रोबोकॉन म्हणजे आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची, कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या रोबोंची स्पर्धा. २००८ साली ती पुण्यात होती. थीम 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी, रोबोंनी लोणी काढायचं. रेडिओ लहरींना बंदी होती. मॅन्युअल, म्हणजे माणसाने हाकायचा रोबो वायरने चालवा नाहीतर इन्फ्रारेडने. बाकीचे ऑटोमॅटिक, पांढऱ्या रेषा बघत जाणारे.

देशातल्या निवड फेरीत कंट्रोल बॉक्स माझ्या हातात. वायर रोबोवरच्या उभ्या दांडीवरून माझ्याकडे आलेली. सरावात एकदाही दगा नाही, आणि सामन्यात पहिल्याच वळणाला डावं चाक मेलं. रोबो जागच्या जागी गरगर फिरतोय, पब्लिक हसतंय. रिट्राय मागितला, उचलून स्टार्ट झोनला आणला, पुन्हा तेच. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत कनेक्टर उघडला, तर एका पिनचं सोल्डर (वायरीचा डाख) सुटलेलं आणि वर हॉट ग्लूचा गोळा अगदी शाबूत! वायरिंग करणारा मित्र आजतागायत म्हणतो, "तू वायर ओढलीस." तीन मिनिटांच्या मॅचमध्ये वायर ओढायला मी काय बैल हाकत होतो?

असो. आता ब्लूटूथ, वाय-फाय चालतं, ती कटकट गेली. पण सोपं झालं म्हणणाऱ्यांनी एकदा उतरून बघावं. २०२२ ला दिल्लीत लगोरी होती: एका रोबोने चेंडू मारून पाडायची, दुसऱ्याने रचायची. २०२४ ला व्हिएतनामच्या थीममध्ये दुसरा रोबो पूर्ण ऑटोमॅटिक, रंग ओळखून चेंडू सायलोत, म्हणजे उभ्या नळकांड्यात टाकणारा. आमचे सेन्सर काळं-पांढरं ओळखायचे, तेही टीव्ही शूटिंगच्या दिव्यांखाली गोंधळायचे. ही पोरं कॅमेऱ्यावर कोड लिहितात. आमच्या बॅचच्या ग्रुपवर 'हल्ली सगळं रेडीमेड' म्हणणाऱ्यांनी त्यातलं एक फंक्शन लिहून दाखवावं.

हे फक्त एबीयू रोबोकॉनबद्दल, शाळांच्या स्पर्धांचं मला माहीत नाही. शिवाय थीम दरवर्षी बदलते आणि नियमही, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, त्या वर्षीचं रूलबुक वाचा.

आणि वायरलेस असलं तरी रोबोच्या आत वायरी आहेतच. सोल्डरवर ओढ येऊ देऊ नका, कनेक्टरच्या अलीकडे केबल टाय मारा. नुसत्या हॉट ग्लूने भागत नाही.

मित्रा, हे वाचत असशील तर त्या मॅचचा फोटो माझ्याकडे अजून आहे. वायर त्यात सैल लोंबतेय.