जनरेटर काढून गॅसचा फ्युएल सेल बसवू का?

प्रश्न : तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. लाइट गेली की जनरेटर, आणि डिझेलचं बिल बघून पोटात गोळा येतो. नैसर्गिक गॅसवर चालणारा छोटा फ्युएल सेल प्लांट जमेल का? त्यात गॅस जळतो की काय?

उत्तर : इंजिनात जळतो तसा नाही जळत. गॅस आणि वाफेपासून आधी हायड्रोजन बनतो, मग सेलमध्ये त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन थेट डीसी करंट मिळतो, पुढे इन्व्हर्टर. धूर नाही, धडधड नाही, पण कार्बन डायऑक्साइड निघतोच, तेव्हा कुणी ‘झिरो पोल्युशन’ म्हणून गळ्यात मारायला आला तर हसून सोडून द्या. जपानात 2009 पासून घराघरांत असे साधारण 1 किलोवॅटचे सेट विकले जातात, उरलेल्या उष्णतेवर अंघोळीचं पाणीही तापतं.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. गॅसवरच्या प्लांटमध्ये बहुधा असतो तो सॉलिड ऑक्साइड, म्हणजे आत सिरॅमिकचा थर असलेला, सेल 600 अंशांच्या वर चालतो, थंड पडला की परत तापायला कित्येक तास लागतात, आणि सारखं चालू-बंद त्याला सोसत नाही. म्हणजे लाइट गेल्यावर बटण दाबायचं हे यंत्र नव्हे, ते चोवीस तास चालवायचं. हिशोब सोपा आहे, 1 घनमीटर गॅसमधून साधारण 5 युनिट वीज धरा, गॅसच्या दराला 5 ने भागा आणि डिझेलच्या नाही, वीजबिलाच्या दराशी ताडून बघा. शिवाय गॅसला वास यावा म्हणून घातलेलं गंधकाचं संयुग सेल खराब करतं, त्याचा फिल्टर वेळच्या वेळी बदलावा लागतो, तो खर्चही धरा. आणि पाइपलाइन तुमच्या दारापर्यंत आली नसेल तर सध्या जनरेटर विकू नका.